भाकड दिवसांचा हिशेब

“पर डे काय घेता?” हा प्रश्न मला काम काय आहे ते सांगायच्या आधी विचारला जातो. कधीकधी नाव विचारायच्याही आधी.

मी पीएलसी प्रोग्रॅमिंग (पीएलसी म्हणजे पॅनलमधला, मशिन चालवणारा छोटा संगणक) आणि कमिशनिंगची, म्हणजे मशिन चालू करून देण्याची, कामं घेतो. कारखान्यात नवीन मशिन येतं, पॅनल उभं राहतं, वायरी ओढून होतात आणि मग ते सगळं धूड एका तालात हलायला लागावं म्हणून जो माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन दिवसचे दिवस पॅनलसमोर बसतो, तो मी. चाकण, रांजणगाव, वाळूज, सुपा ही नेहमीची गावं. महाराष्ट्राबाहेर साणंद, होसूर, बद्दी. मशिन बनवणारा भोसरीतला असतो, मशिन जातं चाकणला, आणि माझं बिल या दोघांपैकी कुणी द्यायचं यावर त्यांच्यात आधीच थोडं वाजलेलं असतं. त्या वाजलेल्याच्या मध्ये माझा फोन लागतो.

आकडा सांगितला की पलीकडे शांतता. मग पर्चेसचा माणूस कॅल्क्युलेटर काढतो. “सर, आमच्या परमनंट इंजिनिअरला महिन्याला साठ हजार पडतात. म्हणजे दिवसाला दोन हजार. तुम्ही सात हजार मागताय. मॅनेजमेंटला मी काय सांगू?”

गणित चुकलेलं नाही. ६०,००० भागिले ३० म्हणजे दोनच हजार. पण भागायचं कशाने, हा खरा वाद आहे, आणि दराच्या सगळ्या घासाघिशीत या खालच्या आकड्याबद्दल कुणी बोलत नाही. परमनंट इंजिनिअरच्या महिन्यात तीसही दिवस पगाराचे असतात. रविवार पगाराचा, गणपती पगाराचा, वडिलांना दवाखान्यात नेलं तो दिवसही रजेच्या खात्यातून पगाराचाच. खुद्द सरकारच्या हिशेबातही महिना नेहमी तीस दिवसांचा नसतो. ग्रॅच्युइटी काढताना तो २६ दिवसांचा धरतात, कारण चार रविवार सुट्टीचे. कामगाराला कमी दिवसांनी भागलेलं फायद्याचं, मालकाला जास्त दिवसांनी, आणि हा २६ चा आकडा पक्का व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. म्हणजे खालच्या आकड्यावर भांडणारा मी पहिला नाही.

माझ्या वर्षाचं बघा. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले की उरतात २६१. सणवार, आजारपण, लग्नकार्यं वजा. कोटेशन द्यायला साइट बघून यायची, त्याचे कुणी पैसे देत नाही. नवीन कंट्रोलर बाजारात आला की तो घरी बसून शिकायचा. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे दिवस असतातच. पावसाळ्यात ते जरा जास्त असतात, मार्चअखेरीस अजिबात नसतात. हे सगळं जाऊन, समजा, दीडशे दिवस बिलाचे उरले. साठ हजारांप्रमाणे वर्षाचे सात लाख वीस हजार. त्यावर मालक जे पगाराबाहेर देतो ते धरा: भविष्यनिर्वाह निधीतला त्याचा वाटा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, बोनस. मग लॅपटॉप, सॉफ्टवेअरची लायसन्सं, कम्युनिकेशनच्या केबली, सीएची फी. साडेदहा लाख सहज होतात. भागिले १५०: सात हजार. त्याच्या दोन हजारांत आणि माझ्या सात हजारांत पगाराचा फरक जवळजवळ नाहीच. तो ज्यांना सुट्टी म्हणतो आणि मी ज्यांना भाकड दिवस म्हणतो, त्यांना वर्षभर चारा कोण घालणार, एवढाच फरक आहे.

हे गणित मी फोनवर सांगत नाही. सांगून पाहिलंय, समोरच्याला ते रडगाणं वाटतं. माझा संसार कसा चालतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही आणि नसावंही. हा आकडा माझ्या स्वतःसाठी आहे, खाली कुठवर उतरायचं ते मला ठाऊक असावं म्हणून. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारी आपली माणसं स्वतःच्या कामाची किंमत सांगायची वेळ आली की “द्या तुम्ही समजून” म्हणतात. समजून देणारा मला अजून भेटायचाय. भेटतात ते “समजून घ्या” म्हणणारे.

तर बोलायचं कशावर? माझं मत असं झालंय की दरावर बोलायचंच नाही. बोलायचं ते दिवसावर. दिवस सुरू कधी होतो, कशाला दिवस म्हणायचं, आणि जो दिवस कुणाच्याच कामाचा ठरला नाही तो कुणाच्या खात्यात.

कारण आमच्या धंद्यात पूर्ण दिवस काम झालं असा दिवस दुर्मीळ. पहिला दिवस गेटावर जातो. आधार कार्ड, विम्याची पॉलिसी, कुठे मेडिकल सर्टिफिकेट. मग सेफ्टी ट्रेनिंग. ते अकराला सुरू होणार असतं आणि सेफ्टी ऑफिसर मीटिंगमध्ये असतो. लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. आत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते. दुसऱ्या दिवशी कळतं की मशिनला हवेची लाइन अजून जोडलेली नाही. किंवा ग्रिपर टूलरूममध्ये आहे. किंवा सगळं तयार आहे, पण प्रॉडक्शन लाइन सोडत नाही. त्यांना महिनाअखेरचा आकडा गाठायचाय. “सर, लंचमध्ये अर्धा तास देतो, करून घ्या.” अर्ध्या तासात इनपुट-आउटपुट तपासून होत नाहीत. मग मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून असतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे या माणसाला कशाचे पैसे मिळतात अशा नजरेने बघून जातो.

त्या बसण्याचे पैसे द्यायला जीवावर येतं, हे मला कळतं. मशिन हललं नाही, तरी बिल हललं. पण मी त्या खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या पॅनलसमोर बसू शकत नाही. बद्दीला गेलो तर विमानाने चंदीगड, तिथून टॅक्सी, एक दिवस जायला आणि एक यायला. त्या दोन दिवसांत मी प्रोग्रॅमची एक ओळही लिहीत नसेन, पण घरी तर नाहीच ना?

एका मोठ्या कारखान्यातल्या साहेबांनी मला सुनावलं होतं की थांबण्याचे पैसे हे परदेशी कंपन्यांचे चोचले, आपल्याकडे अशी पद्धत नाही. त्यांचा इतिहास जरा कच्चा होता. मुंबई बंदरात जहाजं येण्याचा नेम नसायचा. आज चार, उद्या एकही नाही. गोदी कामगाराने मात्र रोज हजर राहायचं. १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला, आणि त्याखालच्या योजनेत एक साधी गोष्ट मान्य झाली: माणूस हजर झाला आणि काम निघालं नाही, तर हजेरीचे पैसे द्यायचे. जहाज उशिरा आलं हा त्याचा दोष नाही. आपली रोजगार हमी योजना घ्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात ती पहिल्यांदा करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानेही ती उचलली. भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला ही वेगळी कहाणी आहे, फारशी अभिमानाची नाही. पण ज्याने अंग मोकळं ठेवलं त्याच्या रिकाम्या दिवसाला काही किंमत आहे, हे या राज्याने लिहून ठेवलेलं आहे.

माझ्या कोटेशनमधलं सर्वात कामाचं वाक्य मात्र कायद्याच्या पुस्तकातून आलेलं नाही. ते मला एका वायरमनने दिलं. पॅनलच्या आतलं वायरिंग आणि फील्डच्या केबली ओढायला मी अधूनमधून माणसं बरोबर नेतो, ती रोजावर असतात. हे वायरमनभाऊ वयाने माझ्यापेक्षा मोठे. पहिल्यांदा ठरवताना ते दराबद्दल जेमतेम दोन वाक्यं बोलले. बाकी सगळं दिवसाबद्दल. “साहेब, नऊ ते सहा. सहानंतर दोन तास बसलो तर अर्धी हजेरी जादा. जेवण आमचं, चहा तुमचा. आणि गेटाशी येऊन उभा राहिलो की हजेरी लागली. आत सोडायचं का नाही ते तुम्ही आणि कंपनी बघून घ्या.” मी हो म्हणालो. पुढे मला गेटावर तीन तास बसवलं गेलं तेव्हा त्यांची हजेरी चालू होती आणि माझी नव्हती.

वारज्याच्या किंवा डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठ वाजता उभं राहून ऐका. गवंडी आणि बिगारी असंच बोलतात. काम कुठे, मजला कितवा, गाडीने नेणार का, माल आलाय का. माल आलाय का, हे तर ते पहिल्यांदा विचारतात. वाळू आली नाही म्हणून दुपारी परत पाठवणारे त्यांनी भरपूर पाहिलेत. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मी कित्येक कोटेशनांमध्ये ‘माल आलाय का’ हे विचारायची रीतसर जागा शोधत होतो. आता ती आहे: “इंजिनिअर गेटावर हजर झाल्यापासून दिवस मोजला जाईल. वीज, हवा, यांत्रिक जोडणी आणि मशिनचा ताबा ही ग्राहकाची जबाबदारी. यांअभावी गेलेला वेळ कामाचाच धरला जाईल. प्रवासाचा दिवस अर्ध्या दराने.”

या ओळींमुळे कामं गेली नाहीत असं नाही. गेली. पण पर्चेसवाल्यांचा एक स्वभाव लक्षात आला. त्यांना एक्सेलमधल्या एका खान्यात एक आकडा भरायचा असतो आणि तो शेजारच्या खान्यापेक्षा कमी दिसला पाहिजे. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा कोण, हे त्या खान्यावर ठरतं. अटी दुसऱ्या पानावर असतात. तेव्हा “सर, रेट थोडा बसवा” आलं की मी थोडा बसवतो, पण दुसऱ्या पानाला हात लावू देत नाही. सात हजारांचे साडेसहा झाले तरी थांबलेला दिवस पूर्ण मिळणार असेल तर मी फायद्यात असतो. आठ हजार कबूल करून गेटाचा, हवेचा आणि प्रवासाचा दिवस कापणाऱ्यापेक्षा हा गिऱ्हाईक बरा. यात एक गंमत अशी की अट मान्य केल्यावर माझे थांबलेले दिवस आपोआप कमी होतात. थांबण्याचे पैसे पडणार म्हटल्यावर हवेची लाइन आदल्या दिवशी जोडून तयार असते.

“पुढे भरपूर काम आहे, सर” याचं काय करायचं, हेही आता ठरून गेलंय. पुढचं काम खरंच असेल तर लिहून द्या. वर्षभरात इतके दिवस नक्की घेणार, घेतले नाहीत तरी त्यांचे पैसे देणार, असं म्हणत असाल तर दर मी स्वतःहून उतरवतो. का नाही उतरवणार? माझे भाकड दिवस तुम्ही अंगावर घेताय, त्याची सवलत तुमची. पण काम तोंडी आणि सवलत लेखी, असं नको.

काही जण रोजाचा विषयच नको म्हणतात. “उक्तं सांगा, मशिन चालू करून द्यायचे किती?” त्यांची बाजू मला पटते. रोजावरचा माणूस मुद्दाम रेंगाळत नाहीये हे त्यांनी कशावरून समजायचं? माझ्याच धंद्यात असे आहेत की ज्यांचा दोष सापडायला नेमका शुक्रवार उजाडतो. पण उक्तं मी फक्त ओळखीच्या मशिन मेकरकडे घेतो, ज्याचं मशिन मी आधी पाहिलंय आणि जो ‘हे एवढंच जरा बदलून द्या’ असं रोज सकाळी म्हणत नाही. अनोळखी ठिकाणी उक्त्यात सगळी वाट बघणं माझ्या माथी येतं.

दिवाळीचं वेगळं. आमचा खरा हंगाम तो. लाइन बंद ठेवायची मुभा कारखान्यांना दिवाळीच्या शटडाउनमध्येच असते, त्यामुळे खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की फोन सुरू होतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी बहुतेक वर्षी कुठल्या तरी पॅनलसमोर असतो. कारखान्यातल्या कामगाराला जादा वेळेचा दुप्पट मोबदला हा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलाय. मी कामगार नाही, मी व्हेंडर. मला तो लागू नाही. तो मीच स्वतःला लागू केलाय. दिवाळीत दीडपट. दुप्पट मागायला जीभ वळत नाही, ते शिकायचं राहिलंय.

दिवस मोजून झाला, सही झाली, तरी तो अजून पैशाचा झालेला नसतो. टाइमशीटवर सही करणारा साहेब रजेवर. सही मिळाली तर सिस्टिममध्ये सर्व्हिस एंट्री झालेली नाही. ती झाली तर ‘तुमचं पेमेंट सायकल नव्वद दिवसांचं’. जीएसटीची नोंदणी असेल तर बिल केलं की अठरा टक्के पुढच्या महिन्यात सरकारजमा करायचे, गिऱ्हाईकाकडून आलेले असोत वा नसोत. टीडीएस दहा टक्के कापायचा की दोन, यावर दोन अकाउंटवाल्यांचं एकमत मी पाहिलेलं नाही. छोट्या उद्योगांना पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी छोटा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली आहे. व्याज कधी मागितलेलं नाही. ते मागणं म्हणजे त्या गिऱ्हाईकाला रामराम. पण एप्रिल २०२४ पासून आयकरात एक बदल लागू झाला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा करता येत नाही, देतील त्या वर्षीच वजा होतो. तेव्हापासून मार्च महिन्यात अकाउंट विभागाचे फोन स्वतःहून येऊ लागले. व्याजाची धमकी जे करू शकली नाही ते त्यांच्या स्वतःच्या कराने केलं.

म्हणून मी आगाऊ रक्कम मागतो. तीस टक्के. ती आली की काम खरं आहे असं समजायचं. आगाऊ रक्कम घेणाऱ्याचा हात वर असतो असं मी बरीच वर्षं मानत आलो, आणि माझ्यापुरतं ते खरंही आहे.

माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं. मी शटडाउनच्या कामाला निघतो त्याच सुमाराला तिथली माणसं ऊसतोडीला निघतात. त्यांनाही पैसे आधी मिळतात. मुकादमाची उचल. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ती आधीच मिळालेली आणि बहुधा खर्चूनही झालेली असते, आणि मग हंगामभर ती टनावर फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटनांच्या वाटाघाटींत दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. मोठी वाढ. पण तिथेही दराचीच बातमी झाली. भाकड दिवसाची बातमी त्याआधी २०१९ मध्ये झाली होती, तीही भलत्याच वाटेने. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि शहरातल्या लोकांनी पहिल्यांदा वाचलं की फडावर खाडा झाला तर नुसता रोज बुडत नाही, वर दिवसाला पाचशे रुपये दंड बसतो. पाळीच्या दिवसांतही उसाची मोळी डोक्यावर घ्यायची ती त्यापायी. माझ्या थांबलेल्या दिवसाचे मी पैसे मागतो. त्यांच्या थांबलेल्या दिवसाचे त्याच पैसे भरतात.

आगाऊ रक्कम त्यांनीही घेतली आणि मीही. मग हात वर कुणाचा, हे कशाने ठरतं? मला वाटतं, काम अर्ध्यावर सोडून घरी जाता येतं का, यावर. माझं गिऱ्हाईक फारच अडून बसलं तर मी आगाऊ रक्कम परत करून पुण्याची गाडी पकडू शकतो. बँकेत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, बायकोची नोकरी आहे. हे सगळं कोटेशनच्या कुठल्याच पानावर नसतं, तरी पर्चेसवाल्याला ते माझ्या आवाजात ऐकू येत असणार. ज्या वर्षी ती ठेव नव्हती त्या वर्षी मी हीच वाक्यं बोलत होतो, पण दर साडेचार हजारांवर थांबत होता.

वायरमनभाऊंनी या पाडव्यापासून रोज वाढवला. मी घासाघीस केली नाही असं म्हणणार नाही. सवयीने एकदा “थोडं बघा की” निघून गेलं. ते म्हणाले, “साहेब, बघूनच सांगितलंय.” विषय संपला. पुढच्या कोटेशनमध्ये त्यांचा वाढीव रोज मी धरलाय.

ते कोटेशन सध्या सुप्याच्या एका कारखान्याकडे आहे. दर त्यांनी एका फोनमध्ये मान्य केला, म्हणजे मी कमी सांगितला असावा. अट मात्र परत आली: थांबलेल्या दिवसाचे पन्नास टक्के. मी कळवलं, पहिले दोन तास माझ्याकडून, त्यानंतर पूर्ण. तीन दिवस उत्तर नाही, मग “ओके” असा दोन अक्षरी मेल. पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, अजून आलेला नाही. सोमवारपासून काम सुरू करा, पीओ मागून पाठवतो, असं प्रोजेक्टचे साहेब म्हणतात. पीओ आला की निघतो, असं मी त्यांना कळवलंय.